गोरस आणि गोरसु

बँकेच्या सेवेत कृषी अधिकारी म्हणून काढलेल्या वर्षांत प्रस्तुत लेखकाने शेकडो तपासणी अहवाल लिहिले. त्यांपैकी बहुतेकांचे आता स्मरणही नाही. परंतु एका अहवालातील एक ओळ विसरू म्हटल्याने विसरता येत नाही. ‘दुग्धोत्पादनात समाधानकारक वाढ’ ही ती ओळ. ऑगस्ट २००५ मध्ये ती लिहिली गेली, आणि ती लिहिताना त्या गोठ्यातील दूध तीन महिने सतत घटत होते.

त्या वेळी माझी नेमणूक बंगळूरच्या पूर्व भागातील मारतहळ्ळी येथे होती. हे नाव मराठी माणसाच्या कानावर पडले, की त्याला त्यात आपलेपणाचा सूर लागल्यासारखे वाटते. शेजारच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात घडलेल्या आणि १९६१ साली प्रथम आकाशात झेपावलेल्या ‘मरुत’ विमानावरून हे नाव पडले, अशी एक लोकप्रिय गोष्ट तेथे सांगितली जाते. गाव त्या विमानाहून जुने असल्याने या गोष्टीवर फारसा भार टाकता येत नाही. मी तेथे गेलो तेव्हा बाह्यवळण रस्त्यालगत संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, आणि त्यांच्या मागच्या बाजूला, पाणत्तूर आणि वर्तूरच्या दिशेने, नाचणीची शेते, तळ्याकाठचे गवत आणि दावणीला चार-सहा गाई बांधणारी घरे अजून टिकून होती. पुढे २००७ साली बृहत् बंगळूर महानगरपालिका स्थापन झाली आणि हा सारा भाग शहराच्या हद्दीत गेला.

अशाच एका घराने २००३ साली आमच्या शाखेतून दोन संकरित गाई आणि गोठा यांसाठी कर्ज घेतले होते. आधीच्या तीन गाई धरून दावणीला पाच जनावरे झाली. प्रस्ताव मीच तयार केला होता. गोठ्याला पत्र्याचे छप्पर, सिमेंटची गव्हाण आणि गुळगुळीत सिमेंटचा कोबा, असा आराखडा मी मोठ्या हौसेने जोडला होता. स्वच्छ गोठा म्हणजे सिमेंटचा गोठा, अशी त्या काळी आम्हा बहुतेकांची समजूत होती. त्याच सुमारास गाई ज्या मोकळ्या रानात चरावयास जात, ते रान प्लॉट पाडून विकले गेले. गाई दावणीला आल्या त्या आल्याच; दिवसातून पाणी पाजण्यापुरतेही त्यांचे दावे सुटेनासे झाले, कारण पाणीही आता नळाने गव्हाणीतच येत होते.

कर्जाचे हप्ते थकू लागले म्हणून मी तपासणीस गेलो. माझी कानडी सांगोल्याच्या बाजारात ऐकलेली, तीही अर्धवट. गोठ्याचे वृद्ध यजमान मला म्हणाले, “गोरसु तुंबा बेळेदिदे, सार.” ‘बेळे’ म्हणजे पीक, वाढ, एवढे मला ठाऊक होते, ‘तुंबा’ म्हणजे पुष्कळ. आणि ‘गोरस’ हा तर आपला घरचाच शब्द. वर्ध्याचे गोरस भांडार आणि तेथील गोरसपाक कोणाला माहीत नाही? दूध पुष्कळ वाढले आहे, असा सरळ अर्थ मी लावला, गाईंकडे वरवर नजर टाकली, चहा घेतला आणि परत येऊन ती ओळ लिहिली. आमच्या व्यवस्थापकांनी साहजिकच विचारले, की दूध वाढले असेल तर हप्ते का येत नाहीत? उत्तर मिळेना, तेव्हा सप्टेंबरमध्ये यजमानांना नोटीस गेली.

कानडीत ‘गोरसु’ म्हणजे खूर. पहिले अक्षर ऱ्हस्व ‘ओ’काराचे आहे, तो भेद मराठी कानाला सहसा उमगत नाही. खुरे फार वाढली आहेत, काही उपाय सांगा, असे तो माणूस मला सांगत होता.

ऑक्टोबर २००५ मध्ये बंगळुरात अतिवृष्टी झाली, तळी फुटून वाहिली. कर्जदारांच्या नुकसानीची पाहणी करण्यासाठी मी पुन्हा त्या गोठ्यात गेलो, या वेळी एका पशुवैद्यकांना बरोबर घेऊन. त्यांनी गाईंच्या कासेकडे किंवा तोंडाकडे न पाहता प्रथम खाली पाहिले. मीही तेव्हाच प्रथम खाली पाहिले. जी नखी टाचेपासून पुढे आखूड आणि उतरती असावयाची, ती चपलेच्या वाढलेल्या टोकासारखी पुढे आलेली होती. दोन गाईंच्या नख्या एकमेकींवर चढून कात्रीसारख्या झाल्या होत्या. बोटांनी मोजले तर पुढची भिंत आठ बोटांच्या वर भरली. एक गाय मागचा उजवा पाय टेकवत नव्हती. यजमानांनी दूध संस्थेच्या पावत्या तारेला टोचून जपून ठेवल्या होत्या. त्या काढून महिन्यांप्रमाणे बेरजा केल्या, तेव्हा दिसले की त्या गाईचे दूध मे महिन्यापासून उतरू लागले होते. घरच्यांना तिचे लंगडणे प्रथम दिसले ते ऑगस्टच्या अखेरीस.

या तीन महिन्यांच्या अंतराचे मला तेव्हा आश्चर्य वाटले होते. पुढे वाचनात आले, की ब्रिटनमधील गाईंच्या नोंदींवरून केलेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेमके हेच आढळले होते. गाय लंगडते असे निदान होण्याच्या चार महिने आधीपासून तिचे दूध घटू लागते आणि उपचारानंतरही जवळजवळ पाच महिने ती घट पुरती भरून येत नाही. एका वेतातील सरासरी तोटा सुमारे ३६० किलो दुधाचा निघाला. त्या गाई आपल्या संकरित गाईंहून पुष्कळ अधिक दूध देणाऱ्या होत्या, म्हणून हा आकडा जसाच्या तसा आपल्याकडे लावता येणार नाही. तरी वाचकांनी त्याच्या निम्म्याला आपल्या गावच्या संस्थेच्या दराने गुणून पाहावे, आणि तो आकडा कर्जाच्या हप्त्याशेजारी मांडावा.

खूर का वाढते?

गाईच्या प्रत्येक पायाला दोन नख्या असतात. नखीचे कठीण आवरण आपल्या नखासारख्याच शृंगद्रव्याचे बनलेले असते आणि ते जन्मभर वाढत राहते. केसाळ कातडी जेथे संपते त्या वरच्या कडेपासून ते खाली सरकते. वाढीचा वेग ढोबळ मानाने महिन्याला पाच मिलिमीटर, म्हणजे वर्षाला सहा सेंटिमीटर. रानात, बांधावर, मुरमाड वाटेवर चालणारे जनावर जवळजवळ तितकेच झिजवते. वाढ आणि झीज यांचा मेळ बसतो. दावणीला बांधलेल्या गाईच्या बाबतीत वाढ चालू राहते, झीज मात्र थांबते. त्यातही एक अडचण अशी, की नखीचे टोक कठीण असते आणि टाच मऊ. शेणमुताच्या ओलीत उभ्या असलेल्या गाईची टाच भिजते, कुजते, खचते. टोक तसेच पुढे वाढत जाते. पुढचे लांबते आणि मागचे बसते, तेव्हा शरीराचा भार मागे सरकतो.

येथून खरे दुखणे सुरू होते. नखीच्या आत एक हाड असते आणि त्या हाडाच्या मागच्या कडेखाली रक्तवाहिन्यांनी भरलेला नाजूक थर असतो. भार मागे सरकला की हाडाची ती कड या थराला दाबते. आधी रक्त साकळते, मग तळव्यावर टाचेच्या पुढच्या बाजूस व्रण पडतो. मागच्या पायात बाहेरच्या नखीवर भार अधिक पडतो, पुढच्या पायात आतल्या नखीवर. लंगडणाऱ्या बहुसंख्य गाईंत दोष मागच्या पायाच्या बाहेरच्या नखीत सापडतो, म्हणून शोधाची सुरुवात तेथूनच करावी. आमच्या त्या गाईचा व्रण याच जागी होता.

खुराचा एक गुण बँकेच्या माणसाला विशेष भावेल असा आहे. ते जुन्या नोंदी जपते. अंगात ताप येणे, विणे, आहारात एकाएकी बदल होणे अशा वेळी शृंगद्रव्याची वाढ अडखळते आणि भिंतीवर आडवी खाच उमटते. ही खाच नखीबरोबर खाली सरकत जाते. वरच्या कडेपासून ती तीन सेंटिमीटरवर दिसली, तर तो प्रसंग सुमारे सहा महिन्यांपूर्वी घडला असे समजावे. पशुवैद्यकांनी त्या दिवशी अशी खाच मोजली आणि यजमानांना विचारले, “एप्रिलमध्ये काय झाले होते?” त्या घरातील अम्मांनी उत्तर दिले. गाय त्याच महिन्यात व्यायली होती आणि दूध वाढावे म्हणून पहिल्याच आठवड्यापासून तिला भुसा आणि मद्याच्या कारखान्यातील उरलेले धान्य भरपूर घातले जात होते.

शहराच्या कडेला गाई पाळणाऱ्यांना हा आहार स्वस्त पडतो आणि तो टाकाऊही नाही. पण व्यायल्याबरोबर एकदम वाढवलेला आंबोण आणि त्याच्या जोडीला अपुरा कडबा, यांमुळे पोटात आम्ल वाढते, आणि त्याचा परिणाम दूर पायांत, खुराच्या आतल्या थराला सूज येण्यात होतो. आंबोण थोडा थोडा, दोन-तीन आठवड्यांत वाढवत न्यावा. त्याच्या आधी गाईने नाचणीचे काड किंवा कडबा पोटभर खाल्लेला असावा. तळव्याचे शृंगद्रव्य तयार होऊन पृष्ठभागी येण्यास दोन-तीन महिने लागतात, म्हणून एप्रिलमधली चूक पावसाळ्यात पायातून बोलते. तोपर्यंत ती कोणाच्या ध्यानातही राहिलेली नसते.

साळणी कशी करावी

आमच्या सांगोल्याकडे नालबंद येत असे. खिलार बैलांना नाल ठोकण्यापूर्वी तो खूर साळून सपाट करी, आणि बैलाच्या पायाकडे वर्षातून एक-दोनदा जाणत्याची नजर जाई. गाईला कोणी नाल ठोकीत नाही, त्यामुळे गाईच्या खुराला ती नजर कधी मिळालीच नाही. बैल गेले, नालबंद गेले, आणि संकरित गाय मात्र सिमेंटवर उभी राहिली. मारतहळ्ळीच्या आसपासही हेच घडले होते. कानडीत नालेला ‘लाळ’ म्हणतात आणि ती ठोकणारी माणसे त्या गावांत पूर्वी येत, असे यजमान सांगत होते.

सध्या जगभर जी शास्त्रीय पद्धत शिकवली जाते ती हॉलंडमधील पशुवैद्यक टूसाँ रावेन यांनी मांडलेली आहे. तिचे मर्म थोडक्यात असे. मागच्या पायात प्रथम आतली नखी घ्यावी, कारण ती सहसा निरोगी असते. ती माप म्हणून वापरावयाची. पुढच्या भिंतीची लांबी वरच्या कडेपासून टोकापर्यंत साडेसात सेंटिमीटर, म्हणजे साधारण चार बोटे, ठेवून उरलेले टोक चिमट्याने छाटावे. मोठ्या बांध्याच्या आणि वयस्क होल्स्टीन गाईंना हे माप थोडे अपुरे पडते असे अलीकडचे संशोधन सांगते, त्यांना आठ ते नऊ सेंटिमीटर ठेवावे. मग तळवा टोकाकडून सपाट करावा. आतल्या नखीची टाच मात्र कापू नये. यानंतर बाहेरची नखी आतल्या नखीच्या लांबीला आणि उंचीला आणावी, म्हणजे दोन्ही नख्यांवर भार सारखा येतो. शेवटी दोन्ही नख्यांच्या मधल्या बाजूस तळव्याला हलकी खोलगट उतरण द्यावी. तेथे हवा खेळते, शेण अडकत नाही आणि व्रणाच्या जागेवरचा दाब कमी होतो. पुढच्या पायात हाच क्रम उलटा, बाहेरच्या नखीपासून सुरू करावयाचा.

सर्वांत मोठी चूक कमी कापण्याची नसते, जास्त कापण्याची असते. तळवा निदान पाच ते सात मिलिमीटर जाड राहिला पाहिजे. अंगठ्याने दाबून पाहावे. तळवा दबू लागला तर हत्यार तेथेच थांबवावे. गुलाबी छटा दिसली म्हणजे आपण मर्यादा ओलांडली आहे. फार वाढलेले खूर एका बैठकीत पूर्ण मापाला आणण्याचा हट्ट धरू नये, कारण लांबलेल्या नखीबरोबर आतला जिवंत भाग कधी कधी पुढे आलेला असतो. आमच्या त्या पाच गाईंपैकी दोघींचे काम पशुवैद्यकांनी दोन टप्प्यांत केले, मध्ये काही आठवडे जाऊ दिले.

लंगडणाऱ्या गाईच्या व्रणाभोवतीचे सैल शृंगद्रव्य त्यांनी काढून टाकले आणि तिच्या शेजारच्या निरोगी नखीखाली लाकडाचा ठोकळा चिकटवला. दुखरी नखी जमिनीपासून उचलली गेली आणि गाय त्याच संध्याकाळी पाय टेकवून उभी राहिली. अम्मा मागे उभ्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला, काही बोलल्या नाहीत. ही गाय विकून हप्ते भरावेत, असे घरात ठरत आले होते, हे मला नंतर कळले. लंगड्या गाईला बाजारात काय किंमत आली असती हे निराळे सांगावयास नको.

हत्यारे फार नाहीत. खूर साळण्याची वाकड्या टोकाची सुरी, लांब दांड्याचा चिमटा, कानस आणि मापासाठी पट्टी. हत्यार बोथट असले की जोर लावावा लागतो आणि घात होतो. एका जनावराहून दुसऱ्या जनावराकडे जाताना हत्यारे धुऊन जंतुनाशकात बुडवावीत. खुरांचे काही रोग सुरीवरूनच पसरतात. गाय मजबूत खोड्यात उभी करून, मागचा पाय गुडघीच्या वर मऊ दोर बांधून वरच्या आडव्या वाशाला घ्यावा. दोराने पाडून काम करण्याची जुनी रीत आहे. गाभण गाईच्या बाबतीत ती टाळावी, आणि भरल्या पोटी तर कोणत्याही गाईच्या बाबतीत टाळावी, कारण आडवी पडलेली गाय लवकर फुगते. गुंगीचे औषध फक्त पशुवैद्यकांनीच द्यावे. ज्याने हे काम पूर्वी शिकून घेतलेले नाही त्याने पहिल्या दोन-चार वेळा जाणत्याच्या हाताखाली करावे. लेख वाचून सुरी हाती घ्यावी असा प्रस्तुत लेखकाचा मुळीच आग्रह नाही.

काळ कोणता निवडावा? वर्षातून दोनदा हे साधे प्रमाण आहे. एकदा गाय आटवताना, म्हणजे विण्याच्या सुमारे दोन महिने आधी. दुसऱ्यांदा व्यायल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. विण्याच्या अगदी तोंडावर तिला खोड्यात घालू नये. साळणीनंतर एक-दोन दिवस तिला मऊ, कोरड्या जागी ठेवावे, खडकाळ वाटेने हिंडवू नये.

एक सावधगिरी येथेच नोंदवतो. लंगडण्याबरोबर तोंडातून लाळ गळत असेल, जिभेवर किंवा नख्यांच्या बेचक्यात फोड असतील, ताप असेल, तर तो लाळ्या-खुरकूत असू शकतो. त्या वेळी साळणीचा विचारही करू नये. जनावर वेगळे बांधून ताबडतोब पशुवैद्यकांना बोलवावे. या रोगातून उठलेल्या जनावरांची खुरे पुढे वेडीवाकडी वाढतात, म्हणून त्यांच्याकडे नंतर वर्षभर अधिक लक्ष द्यावे.

जमीन, पाणी आणि मोरचूद

साळणी हा उपाय झाला. कारण गोठ्याच्या जमिनीत असते. आज मला कोणी तो आराखडा पुन्हा करावयास सांगितले, तर मी सिमेंटवरचा खर्च निम्मा करीन. गव्हाणीपुढे उभे राहण्यापुरता खरबरीत, खाचा पाडलेला कोबा, त्याला मीटरमागे दीड-दोन सेंटिमीटर उतार, आणि उरलेल्या पैशांतून मागे कुंपण घातलेले मातीचे मोकळे अंगण. महाराष्ट्रात ‘मुक्त संचार गोठा’ म्हणून ही रचना आता पुष्कळ ठिकाणी रुजली आहे. तिच्यातील गाय चालते, खुरे झिजवते आणि हवे तेव्हा बसते. गाईला दिवसातले दहा-बारा तास बसावयास मिळाले पाहिजे; कठीण, ओल्या जागी ती बसण्याऐवजी उभीच राहते, आणि उभे राहण्याचा तो सगळा वेळ तिच्या तळव्यावर चढतो. ज्यांच्याकडे अंगणास जागाच नाही, आणि मारतहळ्ळीसारख्या ठिकाणी ती नसतेच, त्यांनी रबरी चटई घालावी, दिवसातून दोनदा शेण काढावे आणि गाईंना निदान अर्धा तास तरी गल्लीतून फिरवून आणावे. आमच्या यजमानांच्या नातवाने हे काम पत्करले होते. संध्याकाळी संगणक कंपन्यांच्या बसगाड्यांच्या रांगेशेजारून पाच गाई संथपणे जात, आणि गाडीचालक हॉर्न न वाजवता थांबत.

पावसाळ्यात खुरांना मोरचुदाचे पाणी उपयोगी पडते. शंभर लिटर पाण्यात पाच किलो हे प्रमाण. पाच-सहा गाईंसाठी मोठे हौद बांधण्याची गरज नाही. पसरट टोपलीत एकेक पाय धरता येतो. पाय आधी धुऊन घ्यावा, कारण शेण मिसळले की औषधाचा गुण जातो. फॉर्मालिनही वापरतात, परंतु त्याची वाफ माणसाच्या डोळ्यांना व श्वासाला बाधक आहे, आणि उघड्या जखमेवर ते गाईला असह्य होते. घरच्या गोठ्यात ते नसलेलेच बरे. वापरलेले मोरचुदाचे पाणी गटारात किंवा तळ्यात सोडू नये. तांबे जमिनीत साठून राहते, माशांना आणि विशेषतः मेंढरांना ते विषासमान आहे. वर्तूर आणि बेळ्ळंदूरच्या तळ्यांनी शहराचे सांडपाणी पुष्कळ पचवले. २०१५ साली त्यांवर उठलेल्या फेसाची चित्रे साऱ्या देशाने पाहिली. त्या तळ्यांकाठचे गवत कापून अनेक गाई जगल्या आहेत. त्यात आपली भर नको.

आहारात क्षारमिश्रण नियमित असावे. जस्ताचा खुराच्या बळकटीशी जवळचा संबंध आहे. बायोटिन हे जीवनसत्त्व दररोज वीस मिलिग्रॅम असे कित्येक महिने दिल्यास खुराची प्रत सुधारते, असे प्रयोगांत दिसले आहे. परिणाम दिसण्यास नवे शृंगद्रव्य तयार व्हावे लागते, म्हणून महिन्याभरात फरक पडला नाही म्हणून ते सोडून देऊ नये. आणि ज्या गाईची बाहेरची नखी पिळासारखी वळत जाते, तिच्यात हा दोष काही अंशी आनुवंशिक असू शकतो. तिचा गोऱ्हा वळू म्हणून ठेवू नये.

खर्चाची बाजू

पाच गाई असणाऱ्याची खरी अडचण पैशांची नसते. पाच गाईंसाठी साळणारा माणूस येत नाही, ही अडचण असते. यावर उपाय एकत्र येण्याचा आहे. एक हलवता येण्याजोगा लोखंडी खोडा आणि हत्यारांचा एक संच दूध संस्थेने घेतला, तर गावातील वीस-पंचवीस घरांचे काम चार दिवसांत होते, आणि साळणाऱ्यालाही येणे परवडते. संयुक्त देयता गट किंवा बचत गट यांनाही अशा साधनासाठी बँकेचा अर्थपुरवठा होऊ शकतो. २०१९ पासून पशुपालकांसाठी किसान क्रेडिट कार्डाची सोय उपलब्ध आहे. चारा, औषधोपचार, मजुरी, पाणी आणि वीज यांचा आवर्ती खर्च तिच्यात धरला जातो. साळणीचा खर्च यांतच बसतो. १ जानेवारी २०२५ पासून शेती व संलग्न व्यवसायांच्या कर्जाला दोन लाख रुपयांपर्यंत तारणाची अट नाही, हेही अनेक ग्राहकांना अद्याप ठाऊक नसते. पशुविमा हा मुख्यतः जनावराच्या मृत्यूचा असतो. लंगडण्याने उतरलेल्या दुधाची भरपाई त्यातून मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये.

आमच्या सहकाऱ्यांसाठी दोन शब्द लिहिले तर ते आगाऊपणाचे मानू नयेत. तपासणीस गेल्यावर आपण कानातला विम्याचा बिल्ला पाहतो, कास पाहतो, गाईंची संख्या मोजतो. गाईला दहा पावले चालवून पाहण्यास एक मिनिट लागतो. उभी असताना पाठ सरळ आणि चालताना मात्र कमानीसारखी वाकत असेल, तर दुखण्याची ती पहिली पायरी आहे. लंगडणे उघड दिसू लागते तोवर वेळ गेलेली असते. दूध संस्थेच्या पावत्या मागाव्यात आणि एका गाईचे दूध कारणावाचून दोन महिने उतरत असेल, तर तिचे पाय उचलून पाहावयास सांगावे.

बंगळूर शहराचे या विषयाशी नाते जुने आहे. आडुगोडी येथे १९२३ साली पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसायाची शाही संस्था सुरू झाली. आजारपणानंतरच्या विश्रांतीसाठी १९२७ मध्ये गांधीजी नंदीच्या टेकडीवर आणि मग बंगळुरात राहिले, तेव्हा त्यांनी या संस्थेत काही दिवस विद्यार्थी होऊन गोपालनाचे धडे घेतले होते. पुढे संस्थेचे मुख्य ठाणे कर्नालला गेले. राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेचे दक्षिण विभागीय केंद्र म्हणून आडुगोडीचे काम चालू राहिले. मारतहळ्ळीहून ते ठिकाण काही कोसांवर. मी तेथे प्रथम गेलो तो त्या नोटिशीनंतर, त्याआधी नाही.

यजमानांच्या कर्जाचे हप्ते आम्ही नव्याने बांधून दिले. नोटीस मागे घेताना कारण लिहावे लागते. मी खरे कारण लिहिले, तेव्हा आमचे कानडी व्यवस्थापक आधी हसले आणि मग त्यांनी तो कागद दोनदा वाचला. त्या वेतात गाईचे दूध पूर्वपदावर आले नाही, थोडे सावरले एवढेच. पुढच्या वेतात मात्र ते पूर्वीच्या बेरजेला पोहोचले. कर्ज २००८ साली फिटले. त्यानंतर दोन वर्षांनी घराने गाई गुंजूरच्या पलीकडे नातेवाइकांकडे हलवल्या, आणि गोठ्याच्या जागी आता चार मजली इमारत आहे.

बदलीनंतर मी जेथे जेथे गेलो, तेथे दुग्धव्यवसायाच्या तपासणी अहवालाच्या छापील नमुन्यात शेवटच्या रकान्याखाली पेनाने एक शब्द लिहून त्यापुढे जागा सोडत असे. शब्द ‘खुरे’ हा असे. पहिल्या वर्षी मात्र हात चुकून ‘गोरसु’ लिहून जाई, आणि साताऱ्याकडचे एक सहकारी विचारत, “साहेब, दुधाचा रकाना वर आहे की.”